पाहुण्याचा कोपरा

३ फेब्रुवारी

सभागृहाचा करार आज माझ्या सहीने झाला. ह्यांच्या नावाच्या जागी माझं नाव लिहिताना कारकुनाने दोनदा मान वर करून पाहिलं.

"बॉक्सिंगच्याच शोसाठी ना, बाई?"

"हो. बॉक्सिंगच्याच."

त्याला बहुधा माझ्या पांढऱ्या केसांकडे बघून भावगीतं आठवली असावीत.

हे गेल्यापासून घरात घड्याळाखेरीज कुणी बोलत नाही. लेक फोनवर म्हणाली, "आई, तुला त्यातलं काय कळतं? विकून टाक सगळं आणि माझ्याकडे ये." विकायला आहे काय? राहतं घर ह्यांनी शेवटच्या दोन पडेल शोंपायी गहाण टाकलं, ते मला हे गेल्यावर कळलं. वर्षभरात एकही शो झाला नाही तर परवाना जातो, आणि परवाना गेला की घर सोडवायचा एकमेव मार्गही जातो. म्हणून एक शो. तो भरला तर तग धरता येईल.

कळण्याचं म्हणाल, तर लेकीचं खरं आहे. लग्न झाल्यापासून मी तिकीटखिडकीत बसले. आत कधी गेले नाही. माणसं एकमेकांना मारताना मला पाहवत नाहीत. भिंतीपलीकडच्या आवाजावरून मी अंदाज बांधायची. मग हे घाम पुसत बाहेर यायचे आणि खिडकीच्या जाळीला तोंड लावून विचारायचे, "काय ग, गल्ला हसतोय का?" त्यांचं मोडकं नाक जाळीला लागून आणखीच चपटं व्हायचं. ह्याच नाकामुळे माझ्या वडिलांनी हे स्थळ आधी नाकारलं होतं.

८ फेब्रुवारी

भाऊजी आले होते. माझे धाकटे दीर. पहिल्यापासून लढतींच्या जोड्या लावायचं काम त्यांचंच, हे फक्त पैसा उभा करायचे. जेवणाच्या टेबलावर कागद पसरून त्यांनी मधोमध रेघ मारली. डावीकडे 'घरचे', उजवीकडे 'पाहुणे'.

"वहिनी, नीट ऐका. घरचा म्हणजे आपल्या भागातला मुलगा. त्याचे काका, मामा, मित्र, गल्लीतले, सगळे त्याला बघायला येतात. तिकिटं तोच विकतो, त्यातला वाटा त्याला. पाहुणा बाहेरगावचा. त्याला कुणी ओळखत नाही. त्याला ठरलेली रक्कम आणि जायचं-यायचं भाडं. आता सांगा, कोण जिंकलेला आपल्याला परवडेल?"

"पंच ठरवेल तो."

भाऊजींना हसता हसता ठसका लागला. "पंच प्रामाणिकच आहे हो. म्हणून तर जोडी विचार करून लावावी लागते. घरचा हरला की त्याची गल्ली पुढच्या वेळी येत नाही. मग रिंगचं भाडं, डॉक्टर, अॅम्ब्युलन्स, पंच हे सगळं कुणाच्या खिशातून?"

"म्हणजे पाहुण्याला हरायला सांगायचं?"

"छे छे. असं कुणी कुणाला सांगत नाही. आपण फक्त जिंकेल असा माणूस आणत नाही."

मला मिशनच्या शाळेतला खेळांचा दिवस आठवला. आमच्या सिस्टर शर्यतीआधी मुलींना उंचीप्रमाणे उभं करायच्या, मग वयाप्रमाणे, मग एकेकीच्या दंडाला हात लावून पाहायच्या. बरोबरीच्या मुली समोरासमोर आल्याशिवाय त्या शिट्टीला तोंड लावत नसत. भाऊजींना हे सांगितलं.

"तुमच्या सिस्टरना हॉलचं भाडं द्यावं लागत नव्हतं," ते म्हणाले. जाताना चपला घालत पुटपुटले, "लग्न जुळवणं परवडलं. तिथे दोघांनाही वाटतं आपण जिंकणार."

१४ फेब्रुवारी

आपला हुकमाचा एक्का म्हणजे बेकरीवाला. तेवीस वर्षांचा, गोरागोमटा, अजून एकदाही हरलेला नाही. घरची बेकरी आहे. त्याची आई पावाच्या लादीबरोबर तिकीट पुढे करते आणि घेतलं नाही तर सुट्टे नाहीत म्हणते. अर्धा हॉल ती एकटी भरते.

त्याच्यासाठी मी स्वतः एक पाहुणा शोधला. भाऊजींकडची जुनी फाइल वाचून, वजन, वय, लढती सगळं ताडून पाहून. तंतोतंत बरोबरीचा. मला अगदी सिस्टरांनी पाठ थोपटल्यासारखं वाटलं.

बेकरीत जाऊन सांगितलं. मुलाची आई पिठाचे हात पुसत बाहेर आली.

"ताई, हा तुमचा पाहुणा जिंकूही शकतो म्हणे."

"शकतो. तुमचा मुलगाही शकतो. म्हणून तर मजा."

"मजा तुमची. माझ्या पोराला मार बसावा म्हणून मी तिकिटं विकायची होय? आपल्याच हाताने आपल्याच पायावर कुऱ्हाड." तिने गल्ल्याखालून तिकिटांचा गठ्ठा काढून माझ्यासमोर ठेवला. मागे उभा असलेला मुलगा म्हणाला, "आई, मी लढेन ना." ती मागे वळूनही न बघता म्हणाली, "तू भट्टी बघ."

गठ्ठा पिशवीत घालून घरी आले. पिशवी अजून दारातच आहे. उचलवत नाही.

२० फेब्रुवारी

तिकीटविक्री थांबली आहे. दुपारी ह्यांच्या खुर्चीत बसले आणि उठावंसंच वाटेना. बाहेर अंधारून आल्यावर दिवा लावायला उठले, तेही शेजारीण हाक मारते आहे म्हणून. घर जाणार. मनाशी मान्यही करून टाकलं. कोणती भांडी लेकीकडे न्यायची तेही ठरवून झालं. मग त्या भांड्यांत ह्यांचा दाढीचा मगही धरला आहे हे लक्षात आलं आणि पुढे काही ठरवता आलं नाही.

रात्री भाऊजींचा फोन. "वहिनी, बरोबरीवाल्याला मी नकार कळवलाय. मास्तर मिळतोय. बेकरीवाली खूश आहे."

२३ फेब्रुवारी

मास्तरांना मी खिडकीतून कितीतरी वर्षं पाहत आले आहे, पण समोर बसून बोलले आज. नव्या पोरांना पहिले धडे देणारा पाहुणा म्हणून हे नाव. चाळिशी ओलांडली आहे. पोटापाण्याला रंगकाम करतात. शोपर्यंत गावात राहायचंच आहे, तर माझी बोळातली भिंत आणि दारं रंगवून देतो म्हणाले. बायकोला घेऊन कुणा नातेवाइकाकडे उतरले आहेत.

किती अदबशीर माणूस. चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात, एखादं मूल धरतं तसा. ह्यांची एक आठवण त्यांनी सांगितली: एकदा परतीची शेवटची गाडी चुकली, तेव्हा ह्यांनी त्यांना आमच्या तिकीटखिडकीत झोपायला जागा दिली आणि सकाळी स्वतः चहा आणला. मला हे ठाऊकच नव्हतं. ऐकताना डोळे भरून आले. जाताना दारात थांबून त्यांनी ती आठवण पुन्हा सांगितली, पहिल्यापासून, तशीच. ह्यांच्यावर किती जीव असेल.

२७ फेब्रुवारी

बेकरीवालीने गठ्ठा परत मागवून घेतला. तिकिटं जाताहेत.

मास्तरांनी काल रंगवलेलं दार आज पुन्हा रंगवलं. दोन हात दिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसावं. आजकाल इतकं मनापासून काम कोण करतं?

दुपारी विचारलं, "मास्तर, तुम्ही कधी जिंकलात?"

"जिंकलो की. सुरुवातीला." ते ब्रश पुसत होते. "एकदा घरच्याला पाडला. सगळा हॉल चिडीचूप. त्याची आजी रडली. मग कितीतरी महिने मला कुणाचा फोन नाही. तेव्हा कळलं, बाई. जिंकलं की काम जातं."

"आणि हरलं की?"

"हरलं की पुढच्या पंधरवड्यात पुन्हा काम. पण आडवं व्हायचं नाही. आडवा झालात की डॉक्टर घरी बसवतो. उभं राहून हरायचं." त्यांनी मला बोळात करून दाखवलं. उजवी मूठ गालाला चिकटलेली, हनुवटी खांद्यामागे, पाय सारखे बाजूला सरकणारे. "हा हात कधी सोडायचा नाही. पोरगं जोरात आलं की त्याच्या खांद्यावर डोकं टेकायचं, थोडं दमवायचं, कानात म्हणायचं, शाब्बास. मग आपला पुढचा ठोसा मारायचा सोडून द्यायचा. सगळ्या फेऱ्या झाल्या की हात मिळवायचा आणि गाडी पकडायची."

हे सांगताना ते हसत होते. सगळं आयुष्य हा भला माणूस दुसऱ्याच्या टाळ्यांसाठी बाजूला सरकत राहिला. आणि ते हरणं इतकं अंगवळणी पडलंय की त्याचं दुःखही उरलेलं नाही.

२ मार्च

मास्तरांची बायको डबा घेऊन आली होती. बारीक, घाईघाईने बोलणारी. मास्तर हात धुवायला गेल्यावर म्हणाली, "हा झाला की पुरे म्हणालेय मी ह्यांना. रात्री उठून बसतात. कुठल्या गावात आहोत विचारतात."

"इतका प्रवास केलेला माणूस," मी म्हटलं. "माझ्या ह्यांनाही असंच व्हायचं."

मग ती डबा उघडून त्यांच्यासमोर मांडू लागली. आपल्या माणसाची काळजी करणारी बाई पाहिली की मला आपलं घर आठवतं.

५ मार्च

हॉल भरला. उभं राहायच्या जागाही गेल्या. भाऊजी म्हणाले, "वहिनी, दादा असता तर तुम्हाला उचलून घेतलं असतं." मी म्हटलं, "त्यांची कंबर गेली असती."

पण जीव रमत नाही. गहाणाचा हप्ता जाईल, घर तूर्त राहील, आणि पुढच्या वेळी पुन्हा तोच कागद, तीच मधली रेघ. कशासाठी? सिस्टर आता असत्या तर माझ्या हातातली शिट्टी त्यांनी काढून घेतली असती.

सकाळी वजनं झाली. वजनकाट्यावर मास्तर उघड्या अंगाने उभे होते. पाठीवरचा रंगाचा एक ठिपका तसाच राहिला होता. शेजारी बेकरीवाला, नुकत्याच भट्टीतून काढल्यासारखा. माझ्या मनाने घेतलं.

सगळे गेल्यावर मी मास्तरांना थांबवलं.

"मास्तर, उद्या जिंकायला खेळा."

"बाई?"

"तिकिटं विकून झाली आहेत. आता कुणीही जिंकलं तरी गल्ला तोच. माझं काही बिघडत नाही. एकदा तरी, ह्यांच्या नावाच्या शोमध्ये, कुणीतरी खरं खेळू दे. काम जायची भीती नको. पुढच्या शोला तुम्ही माझ्याकडे घरच्या कोपऱ्यात."

"घरच्या कोपऱ्यात," ते म्हणाले. एवढंच. मग थोड्या वेळाने पुन्हा तेच. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून मला किती दिवसांनी हलकं वाटलं. आज झोप लागेल.

७ मार्च

काल लिहिणं शक्य नव्हतं. आज सकाळपासून तीनदा वही उघडली.

मी पहिल्यांदाच आत बसले, रिंगच्या अगदी कडेला. आयोजक म्हणून प्रत्येक लढतीनंतर माझी सही लागत होती. बेकरीवाला आला तेव्हा छत पडेल असा आवाज झाला. मास्तर आले तेव्हा कुणीतरी म्हणालं, "आला बघ पाहुणा."

पहिल्याच फेरीत मास्तर पुढे गेले. बाजूला नाही, पुढे. त्यांचा डावा ठोसा पोराच्या नाकावर बसला आणि हॉल गप्प झाला. त्या शांततेत बेकरीवाली एकटीच ओरडली. दुसऱ्या फेरीतही तेच. पोरगं गोंधळलं होतं. मी उभी राहून टाळ्या वाजवत होते. वाजवणारी बहुधा मी एकटीच होते.

भाऊजी माझ्या शेजारी होते. ते टाळ्या वाजवत नव्हते. सारखे पुटपुटत होते, "हात वर. मास्तर, हात वर. काय करतोय हा माणूस?" मला राग आला त्यांचा. म्हटलं, ह्यांना पाहुण्याचं चांगलं झालेलं बघवत नाही.

तिसऱ्या फेरीत मास्तरांनी उजवा हात गालावरून उचलला आणि सगळ्या ताकदीने मारला. तो लागला नाही. मग जे झालं ते मला दिसलं नाही, मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. ते पडताना त्यांचे हातसुद्धा पुढे आले नाहीत, एवढंच दिसलं. भिंतीपलीकडून इतकी वर्षं मी तो पडण्याचा आवाज ऐकला होता आणि मला वाटायचं लोक पाय आपटतात.

अॅम्ब्युलन्स एकच होती. दुसरीचा खर्च भाऊजींनीच वाचवला होता, मी मान डोलावली होती. ती मास्तरांना घेऊन गेली. नियम असा की दारात अॅम्ब्युलन्स नसेल तर पुढची लढत सुरू करता येत नाही, आणि दोन लढती उरल्या होत्या. लोक एका तालात टाळ्या वाजवू लागले. "पैसे परत, पैसे परत." दुसरी गाडी येईपर्यंत मी तिथेच बसले. मग उरलेल्या दोन्ही लढती झाल्या. मी सह्या केल्या. मी उठून गेले असते तर शो बेकायदा ठरला असता, असं भाऊजी म्हणाले.

गल्ला मी मोजला नाही. मोजायची गरज नव्हती.

९ मार्च

डोक्यात रक्त साचलं होतं. ते काढलं. जगतील म्हणतात. डॉक्टरीणबाईंनी डोक्याचा फोटो उजेडाला लावून दाखवला आणि विचारलं, "ह्यांना आधीपासून काही त्रास होता का? विसरणं, हात थरथरणं?" मी नाही म्हटलं. पुढे म्हणाल्या, हे नुकसान एका दिवसाचं नाही.

मास्तरांची बायको बाकावर बसली होती. मी तिचा हात हातात घेतला. तिने तो काढून घेतला नाही, पण त्या हातात काहीच नव्हतं.

१६ मार्च

बेकरीवाला आला होता. टेबलाशी बसून रडला. "काकू, तो माझ्या खांद्यावर डोकं टेकेल असं मला सांगितलं होतं. मी तेवढ्यासाठीच थांबलो होतो." त्याची आई रोज इस्पितळात ताजा पाव पाठवते. त्याला मोठ्या शहरातल्या प्रमोटरने बोलावलं आहे. त्या एका ठोशाचं चित्रण म्हणे सगळीकडे फिरतंय. आमच्या शोमध्ये आता तो लढणार नाही. तेलही गेलं, तूपही गेलं. त्याला आशीर्वाद दिला. दुसरं द्यायला होतं काय?

भाऊजी खिडकीशी उभे होते. "मला एकच कळत नाही, वहिनी. इतकी वर्षं त्या माणसाचा हात गालावरून सुटला नाही. चांगले चांगले आले, कुणी त्याला आडवं करू शकलं नाही. त्या दिवशी का सोडला?"

"वय झालं होतं," मी म्हटलं.

मी चहा टाकायला उठले.

मी त्यांचं वाईट चिंतलं नव्हतं. हे इथे लिहून ठेवते. त्या सगळ्या हॉलमध्ये त्यांचं भलं व्हावं असं वाटणारी मी एकटीच होते.

४ एप्रिल

मास्तरांना घरी सोडलं. डावा पाय ओढतात. बोलणं तुटक. मला ओळखलं, हसले, "बाई" म्हणाले आणि मग माझ्याकडेच बघत, "ह्या कोण?" असं बायकोला विचारलं.

मी देवळात, चर्चमध्ये, कुठेही जात नाही हल्ली. दिवस उगवतो, त्याला ढकलायचं. ह्यांच्या फोटोकडे पाठ करून बसते. हप्ता गेला. घर अजून आहे. ह्या घरात करायचं काय, ते मात्र कुणी सांगत नाही.

१९ एप्रिल

पुढच्या हप्त्यासाठी पुढचा शो. भाऊजींनी कागद आणला. बेकरीवाल्याच्या जागी एक रिक्षावाल्याचा मुलगा उभा केलाय. त्याचा स्टँड बरीच तिकिटं घेईल म्हणे. मधली रेघ मी मारली. डावीकडची नावं भराभर झाली. उजवीकडे माणसं मिळेनात. मास्तरांचं ऐकून पाहुणे बिचकलेत.

२६ एप्रिल

दुपारी दार वाजलं. मास्तरांची बायको, आणि तिच्या मागे पंचविशीतला एक उंच माणूस, हातात टोपी.

"माझा धाकटा भाऊ," ती म्हणाली. "डेपोत बस धुतो. ह्यांनीच शिकवलंय त्याला, दोन वर्षं. पाहुणे हवेत असं कळलं."

मी त्यांना बसवलं. म्हटलं, "अहो, असं कसं? आपण दुसरं काही बघू या. मी कुणाशी तरी बोलते."

"कुणाशी?"

मी फोन नंबरांची वही उघडली आणि मिटली.

"औषधं दर महिन्याची आहेत," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "ह्यांना अंघोळ मी घालते, म्हणून माझी घरकामं सुटली. घरात कमावणारा हाच."

भाऊजी आतून आले. त्यांनी त्याला उभं केलं, खांदे पाहिले, मनगटं दाबून पाहिली. "हात दाखव." त्याने दाखवले. उजवी मूठ आपोआप गालाला जाऊन चिकटली, हनुवटी खांद्यामागे. पाय माझ्या फरशीवर बाजूला सरकले. भाऊजी खुर्चीत बसले आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मला म्हणाले, "वहिनी, काय करायचं? तुम्ही सांगा."

मी ह्यांच्या खुर्चीची पाठ धरून उभी होते. मग मान हलवली.

भावाने नाव सांगितलं, भाऊजींनी उजवीकडे लिहिलं. दोघं निघाली. भाऊ जिना उतरू लागला. ती मात्र उंबऱ्यात थांबली, पदर नीट केला, आणि पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघून बोलली.

"बाई, एक विनंती आहे. आमच्या ह्यांना तुम्ही सांगितलं होतं ते त्यांनी मला घरी येऊन सांगितलं होतं. किती आनंदात होते. माझ्या भावाला जिंकायला सांगू नका."

"नाही सांगणार," मी म्हटलं.